नाकाचे बारा गुण

बिअरला गुण देण्याचा जो तक्ता आम्ही वापरतो त्यात एकूण ५० गुण असतात. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात ती कशी लागते त्याला ५ आणि एकंदर परिणामाला १०. १९८५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम’चा हा तक्ता. रूपाला फक्त तीन गुण हे नव्या माणसाला पटत नाही. गिऱ्हाईक तर ग्लास समोर आल्याबरोबर रंग आणि फेस बघूनच खूश होतं, फोटो काढतं. पण डोळा फार लवकर मत बनवतो आणि मग नाकाला, जिभेला स्वतःच्या मागून चालायला लावतो. काळी बिअर पुढे ठेवली की शिकाऊ मंडळींना हमखास कॉफी आणि चॉकलेट सापडतं. मग ती काळ्या रंगाची हलकी जर्मन लागर का असेना, आणि तिच्यात भाजकेपणा नावापुरता का असेना. म्हणून शिकवताना मी सुरुवातीला अपारदर्शक कप वापरते. रंग दिसत नाही तेव्हा माणसं गप्प होतात, पुन्हा पुन्हा वास घेतात. तिथून काम सुरू होतं.

हे काम मी बंगळुरूत बरीच वर्षं करते आहे. आधी एका मायक्रोब्रुअरीत गुणवत्ता तपासणीवर होते, नंतर वेगवेगळ्या ब्रुअरींसाठी बिअर चाखून अहवाल द्यायला लागले, आणि अधूनमधून स्पर्धांमध्ये परीक्षक म्हणून बसते. लोकांना यातलं चाखणं तेवढं दिसतं. खरं काम उलट्या दिशेनं तपास करण्याचं आहे. ग्लासात जे आलंय त्यावरून मागे मागे जात नळ, टाकी, यीस्ट, धान्य, पाणी आणि बऱ्याचदा कुणाच्या तरी घाईपर्यंत पोचायचं. आकडा लिहिणं त्या मानानं सोपं.

मी मूळची सांगलीची. मायक्रोबायॉलॉजी घेऊन बीएस्सी केलं आणि मग पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये मद्यार्काचं तंत्रज्ञान शिकले. आमच्या भागात हे काही जगावेगळं शिक्षण नाही. साखर कारखाना, मळी, डिस्टिलरी हे शब्द घराघरात असतात, आणि नातेवाइकांनी गृहीत धरलं होतं की पोरगी एखाद्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागेल. बिअर माझ्याही डोक्यात नव्हती. बिअर म्हणजे बाटलीतली, बर्फासारखी गार करून, चव लागायच्या आत संपवायची गोष्ट, आणि त्यातही ‘स्ट्राँग’ आहे का एवढाच प्रश्न. २००९ मध्ये पुण्याच्या कोरिंथियन्स क्लबात डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. तिथं पहिल्यांदा गढूळ दिसणारी गव्हाची बिअर समोर आली. तिला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास होता. मी आधी ग्लास धुतलेला नाही असं समजले, मग टेबलावर वाद घातला की यात इसेन्स आहे. इसेन्स नव्हता. तो वास यीस्टनं तयार केला होता, आणि ज्या रेणूंनी तो येतो त्यांची नावं मी मांजरीला परीक्षेसाठी पाठ केली होती. पुस्तकातला आयसोअमाइल अॅसिटेट असा नाकात शिरला, आणि पुढचं सगळं त्या संध्याकाळनं ठरवलं म्हटलं तरी चालेल.

बंगळुरूला आले तेव्हा शहरात मायक्रोब्रुअरींच्या बिअरची पहिली लाट चढत होती. इंदिरानगरला टॉइट, लव्हेल रोडजवळ बिअर क्लब, व्हाइटफील्डला विंडमिल्स, मॅग्रथ रोडला आर्बर, सगळं दोन-तीन वर्षांच्या आत. शहराला बिअर नवी नव्हती. १९१५ साली थॉमस लीशमन या स्कॉटिश गृहस्थांनी दक्षिणेतल्या पाच ब्रुअरी एकत्र करून युनायटेड ब्रुअरीज उभी केली ती इथलीच. पण त्या बिअरचं सगळं कौशल्य हजारो बाटल्या एकसारख्या लागाव्यात यात होतं, आणि ते कौशल्य कमी दर्जाचं आहे असं मी कधीच म्हणणार नाही. फिकी लागर निर्दोष करणं हे सर्वांत अवघड काम आहे. तिच्यात लपायला जागा नसते. नव्या लोकांनी दुसरी वाट धरली. काचेपलीकडे तांब्याची नाहीतर स्टीलची भांडी, अलीकडे टेबलं, आणि मध्ये पाच-पन्नास फुटांची नळी.

चाखायला शिकणं म्हणजे प्रत्यक्षात दोष ओळखायला शिकणं. साध्या, सपक लागरच्या ग्लासांमध्ये एकेका रसायनाचा मोजून अंश टाकतात आणि तुम्ही ओळखायचं. डायअसेटिल म्हणजे लोणी, थिएटरातलं पॉपकॉर्न. असेटाल्डिहाइड म्हणजे हिरवं, करकरीत सफरचंद. डायमिथाइल सल्फाइड म्हणजे उकडलेलं मक्याचं कणीस, जरा जास्त झालं तर शिजलेला कोबी. शिळ्या हॉप्सना जुन्या चीजचा वास येतो. हवा लागून म्हातारी झालेली बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. प्रत्येक वासाला एक कारण आहे आणि प्रत्येक कारणाला ब्रुअरीतली एक जागा आहे, हे मला त्या प्रशिक्षणातलं सर्वांत मौल्यवान वाटलं.

दुसरी गोष्ट कळली ती माझ्या स्वतःच्या नाकाबद्दल. लोण्याचा वास मला फार थोड्या प्रमाणातही पकडता येतो, बाकीच्यांना काहीच येत नसतो तेव्हा. मक्याचा मात्र मला उशिरा कळतो. हे जन्मजात असतं, सरावानं थोडं सुधारतं, पूर्ण जात नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मैत्रिणीचं नेमकं उलट आहे. म्हणून आम्ही दोघी मिळून अहवाल देतो आणि एकटीच्या सहीचा अहवाल मागितला तर नकार देतो. एका नाकावर कुणाच्या टाकीभर बिअरचा निकाल लावू नये, यावर मी ठाम आहे. स्पर्धेतही एका टेबलावरच्या परीक्षकांचे गुण सातापेक्षा जास्त फरकानं वेगळे आले तर बोलून जवळ यावं लागतं, आणि ते बोलणंच बहुतेक वेळा गुणांपेक्षा कामाचं निघतं.

लोण्यावरून एक प्रसंग सांगते. शहराच्या पूर्वेकडच्या एका पबात नवा, हुशार, पंचविशीतला ब्रुअर होता. त्याच्या फिक्या एलमध्ये डायअसेटिल इतकं होतं की ग्लास टेबलावर येतानाच कळावं. मी तसं लिहिलं. मालकांना राग आला, कारण तीच बिअर सर्वांत जास्त खपत होती. ते म्हणाले, “लोकांना आवडतेय मॅडम, आणि तुम्ही दोष म्हणताय.” मुद्दा बिनतोड होता. लोणी-तुपाच्या वासाला आपल्याकडे कोण नाक मुरडणार? आणि इंग्लिश बिटरमध्ये, चेक पिल्सनरमध्ये थोडं डायअसेटिल चालतंही. मी मालकांना एवढंच विचारलं की पुढची बॅच अशीच लागेल याची खात्री आहे का. ब्रुअरनं नकारार्थी मान हलवली. त्याला हा वास कुठून येतो हेच माहीत नव्हतं, म्हणजे तो ठेवणंही त्याच्या हातात नव्हतं आणि काढणंही.

मग आम्ही टाकीतली थोडी बिअर गरम पाण्यात ठेवून साठेक अंशांवर तापवली, गार केली आणि वास घेतला. लोणी दुपटीनं आलं. यीस्टचं काम पुरं व्हायच्या आधीच त्यानं टाकी गार केली होती. किण्वन संपत आलं की तापमान दोन-तीन अंश वाढवून यीस्टला आणखी काही दिवस दिले तर तेच यीस्ट आपण तयार केलेलं डायअसेटिल परत खाऊन टाकतं. हे त्याला पुस्तकातून ठाऊक होतं. त्याला दिवस मिळत नव्हते. शनिवारी टाकी रिकामी हवी होती.

शनिवार हा बंगळुरूच्या बिअरमधला घटक आहे, हॉप्स आणि माल्टइतकाच. एल दोन-तीन आठवड्यांत तयार होते. लागरला पाच-सहा आठवडे गार टाकीत पडून राहावं लागतं. जागेचं भाडं इंदिरानगरचं किंवा कोरमंगलाचं, टाक्या मोजक्या, आणि दर शुक्रवार-शनिवारी दारात रांग. अशा हिशेबात लागरसाठी टाकी अडवून ठेवणं म्हणजे त्याच जागेत होणारी दुसरी बॅच सोडणं. म्हणून इतकी वर्षं इथं गव्हाच्या बिअर आणि एल जास्त, चांगली लागर कमी. आणि म्हणूनच माझ्या अहवालांमध्ये हिरवं सफरचंद सारखं येतं, कारण असेटाल्डिहाइड हे कच्च्या, लवकर काढलेल्या बिअरचं लक्षण आहे. पुठ्ठ्याचा वास मात्र क्वचित येतो. टाकीपासून पन्नास फुटांवर प्यायलेली बिअर म्हातारी व्हायला वेळच मिळत नाही. युरोपातून महिनोन्‌महिने बोटीनं आलेल्या महागड्या बाटलीपेक्षा इथल्या नळाची साधी गव्हाची बिअर कितीतरी वेळा जास्त गुण घेऊन जाते ती यामुळे, आणि या शहराच्या बिअरबद्दल मला वाटणारा अभिमान मुख्यतः याच ताजेपणाचा आहे.

ब्रुअरचा दोष नाही हे सिद्ध करणं हाही या कामाचा भाग आहे. एका ठिकाणी बिअर आंबट आणि लोण्यासारखी लागत होती, आणि ब्रुअर शपथेवर सांगत होता की टाकीत काही बिघडलेलं नाही. व्यवस्थापनानं त्याला काढायचं जवळजवळ ठरवलं होतं. मी दोन ग्लास मागितले, एक थेट टाकीच्या नळीतून, एक बारच्या नळातून. टाकीतली स्वच्छ होती. बारपर्यंतच्या नळ्या कित्येक आठवडे धुतलेल्या नव्हत्या आणि त्यांच्या आतल्या बुरशी-जिवाणूंच्या थरातून जाताना बिअर नासत होती. नळ्या दर पंधरा दिवसांनी कॉस्टिकनं धुवायच्या असतात, ते काम बारवाल्यांचं की ब्रुअरचं यावर दोन्हीकडून हात वर झाले होते. तेव्हापासून मी कुठंही गेले तरी दोन ग्लास मागते. पहिला ग्लास ब्रुअरबद्दल बोलतो, दुसरा बारबद्दल.

आवडणं आणि गुण देणं यांची फारकत करायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. जर्मनीतल्या बामबर्ग गावची धुराची बिअर असते, माल्ट लाकडाच्या धुरावर वाळवलेलं. मला ती आवडत नाही. दुसरा घोट घ्यावासा वाटत नाही. इथल्या एका ब्रुअरनं ती केली आणि स्पर्धेत ती माझ्या टेबलावर आली. प्रश्न मला आवडली का हा नव्हताच. धूर आहे पण खाली माल्टची गोडी लागते का, धुरानं तुरटपणा आणलाय का, शेवट कोरडा आहे का, हे प्रश्न होते. सगळ्यांची उत्तरं त्या बिअरच्या बाजूनं होती. मी ४१ लिहिले. घरी जाताना त्या ४१ बद्दल मला जितकं समाधान वाटलं तितकं स्वतःच्या आवडत्या आयपीएला गुण देताना कधी वाटलेलं नाही.

बंगळुरूतल्या बहुसंख्य लोकांचा हात हेफेवाइझन किंवा बेल्जियन विट या गव्हाच्या बिअरकडे जातो. कडूपणा कमी, वास फळांचा, गरम दुपारी जड होत नाही. काही जाणकार याला बाळबोध आवड म्हणतात. मला तसं वाटत नाही. हेफेवाइझन चांगली करणं हे तापमानाचं अवघड गणित आहे. धान्य भिजवताना पंचेचाळीस अंशांच्या आसपास थोडं थांबलं की लवंग वाढते, किण्वन गरम झालं की केळं वाढतं, आणि दोन्हींचा तोल सुटला की एकतर फळवाल्याची गाडी होते नाहीतर दाताच्या दवाखान्यात गेल्यासारखं वाटतं. टॉइटवाल्यांनी बासमती तांदूळ घालून बासमती ब्लाँड केली तेव्हाही काही लोक म्हणाले, तांदूळ तर स्वस्त बिअरमध्ये घालतात. तांदूळ बिअरला हलकी आणि कोरडी करतो. स्वस्त करायला घातला की हलकी करायला, ते ग्लास सांगतो.

आता पाण्याबद्दल, कारण या शहरात पाणी हा बारीकसारीक विषय नाही. कावेरीचं पाणी शंभर किलोमीटरवरून, कित्येक मीटर वर चढवून आणलं जातं. जिथं ते पोचत नाही तिथं बोअरवेल, आणि बोअरवेल आटली की टँकर. ब्रुअरी बहुधा आरओ लावून पाणी जवळजवळ कोरं करतात आणि मग जिप्सम, कॅल्शियम क्लोराइड मोजून घालतात. पिल्सनरला मऊ पाणी, कडू आयपीएला जरा सल्फेट जास्त. कागदावर हे सुटसुटीत आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात शहरभर बोअरवेल कोरड्या पडल्या तेव्हा एका ब्रुअरीच्या सलग बॅचेसना दवाखान्याचा वास यायला लागला, चिकटपट्टीच्या औषधाचा. क्लोरीन आणि माल्टमधले फिनॉल भेटले की हा वास येतो, आणि तो अगदी सूक्ष्म प्रमाणातही लागतो. टँकरच्या पाण्यात क्लोरीन नेहमीपेक्षा जास्त होतं आणि आरओच्या आधीचा कोळशाचा फिल्टर त्याच्या भारानं संपला होता. फिल्टर बदलायला एक दुपार लागली. कारण शोधायला जे दिवस गेले त्यात ब्रुअरनं यीस्ट बदललं होतं, माल्टचा पुरवठादार बदलला होता आणि झोप घालवली होती. मला वाटतं, चाखणाऱ्या माणसाला शहराची बातमी वाचता आली पाहिजे. त्या महिन्यात पेपरच्या पहिल्या पानावर पाणीच होतं.

चाखताना वाइनसारखं थुंकता येत नाही. बिअर थोडी तरी गिळावी लागते, कारण घशाशी गेल्यावर मागून नाकात जो वास चढतो त्यात अर्धी माहिती असते. त्यामुळे मर्यादा पाळावी लागते. साठ मिलीचा नमुना, त्यातला निम्मा तसाच ठेवायचा, मध्ये पाणी आणि कोरडा पाव, हलक्यापासून जडाकडे आणि कडूला शेवटी. सात-आठ नमुन्यांनंतर माझी जीभ सगळ्यांना चांगलं म्हणायला लागते, तेव्हा मी थांबते. कामाच्या दिवशी डोक्याला सुगंधी तेल नाही, सकाळी तिखट नाही, देवापुढे उदबत्ती लावायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाचं. गाडी नेत नाही. मेट्रो इंदिरानगरवरून जाते ही माझ्यासाठी फार मोठी सोय आहे. आणि जे सांगायचं ते सरळ सांगते: या धंद्यात मी माणसं दारूत बुडताना पाहिली आहेत. रोज हातात असलेली गोष्ट रोज थोडी जास्त होत जाते आणि ‘काम आहे’ ही सबब सदैव तयार असते. आठवड्यातले काही दिवस मी थेंबही घेत नाही, आणि शिकायला येणाऱ्यांना पहिल्या दिवशी हेच सांगते, तक्त्याच्या आधी.

माझ्यावर सर्वांत मोठा परिणाम झाला तो एका ज्येष्ठ ब्रुअरचा. त्यांचं उभं आयुष्य मोठ्या कारखान्यांमध्ये गेलं होतं, निवृत्तीनंतर ते छोट्या ब्रुअरींना सल्ला द्यायचे. यकृताचा त्रास सुरू झाला आणि डॉक्टरांनी पिणं पूर्ण बंद केलं. आम्हाला वाटलं आता ते यायचे थांबतील. ते येत राहिले. ग्लास हातात घ्यायचे, तळहातानं झाकून हलवायचे, हात काढून तीन छोटे वास घ्यायचे, मग ग्लास बाजूला ठेवून एक मिनिट काही बोलायचे नाहीत. मग लिहायचे. जिभेला काही न लावता ते जे लिहीत ते आमच्या पाच-सहा जणांच्या चाखण्याशी जुळत असे, आणि जिथं जुळत नसे तिथं बहुधा आम्ही घाई केलेली असे. ते म्हणायचे, “बारा गुण माझ्याकडे आहेत, बाकीचे तुम्ही बघा.”

त्यांनी माझे जुने अहवाल वाचून एक सुधारणा सुचवली. मी लिहीत असे, ‘लोण्याचा वास, मध्यम.’ त्यांनी विचारलं, हे वाचून तिथला ब्रुअर उद्या सकाळी काय करेल? मला उत्तर देता आलं. ते म्हणाले, मग ते उत्तर लिहा. तेव्हापासून माझ्या प्रत्येक दोषापुढे एक क्रियापद असतं: तापमान वाढवा, नळ्या धुवा, फिल्टर तपासा, आठवडाभर थांबा. अहवाल लांबले, पण फोन यायला लागले. पूर्वी निकाल कळला की संबंध संपायचा.

२०२० च्या टाळेबंदीनं एक वेगळंच शिक्षण दिलं. कर्नाटकात तेव्हा मायक्रोब्रुअरीची बिअर तिथंच बसून प्यायची असे, बाटलीत भरून दुकानात पाठवता येत नसे. पब बंद झाले तेव्हा टाक्या भरलेल्या होत्या. पुढे काही काळ बिअर पार्सल न्यायला तात्पुरती परवानगी मिळाली, पण तोवर बरंच काही हातचं गेलं होतं. त्या काळात एका ब्रुअरीनं मला ठरावीक दिवसांनी त्याच टाक्यांमधले नमुने पाठवले. तीच आयपीए, तोच स्टाउट, आठवड्यांमागून आठवडे. एरवी कुणालाच अशी संधी मिळत नाही. आधी हॉप्सचा आंब्या-संत्र्याचा वास गेला, जणू कुणी खिडकी उघडली. मग कडूपणा बोथट झाला आणि मधासारखी एक जड गोडी आली. तळाशी बसलेल्या यीस्टच्या पेशी फुटायला लागल्या तसा सोया सॉसचा, मटणाच्या रश्श्याचा वास चढला. स्टाउट सर्वांत जास्त टिकला. शेवटी बरीचशी बिअर गटारात गेली. ती ओतताना ब्रुअरनं व्हिडिओ कॉल केला होता, आणि आम्ही दोघंही फार बोललो नाही. पण बिअरचं म्हातारपण मला पायरीपायरीनं ओळखता येतं ते त्या महिन्यांमुळे. आज एखादी बिअर चाखून ती टाकीत किती दिवस आहे याचा अंदाज मी बऱ्यापैकी जवळ देऊ शकते.

कोकमाची गोष्ट त्यानंतरची. आपल्या भागातल्या गोष्टी बिअरमध्ये यायला लागल्या होत्या. हापूसच्या हंगामात आंबा, कूर्गची कॉफी स्टाउटमध्ये, गूळ, जांभूळ. पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सची कोकम आणि मिठाची एलही मी तिथं गेले की आवर्जून पिते. एका स्पर्धेत कोकमाची आंबट बिअर आमच्या टेबलावर आली. माझ्या शेजारचे परीक्षक परदेशी होते, अनुभवी आणि माझ्याहून कितीतरी जास्त बिअर चाखलेले. त्यांनी खारटपणा दोष म्हणून लिहिला आणि फळ ओळखू येत नाही म्हणून गुण कापले. माझे आणि त्यांचे गुण बरेच लांब होते. मी आधी त्यांच्याच घरच्या मुद्द्यावर बोलले: जर्मनीतल्या गोस्लारच्या आणि लाइपझिगच्या गोझ बिअरमध्ये मीठ असतंच, धनेही असतात. ते त्यांनी लगेच मान्य केलं. फळ ओळखू येत नाही याला उत्तर द्यायला माझ्याकडे शब्द नव्हते, कोकम हवं होतं. आयोजकांच्या स्वयंपाकघरातून आमसुलं मागवली, कोमट पाण्यात चुरली आणि वाटी पुढे ठेवली. त्यांनी वास घेतला, चव घेतली, पुन्हा बिअर घेतली आणि स्वतःचा कागद बदलला. मीही माझे दोन गुण कमी केले, कारण वाटीशी ताडून पाहिल्यावर बिअरमधलं कोकम मला वाटलं होतं त्याहून फिकं निघालं. तक्ता बाहेरून आलेला आहे आणि उत्तम आहे. पण त्यात भरायचे वास कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून येतात, आणि आपल्या स्वयंपाकघराची साक्ष द्यायला आपण त्या टेबलावर असलं पाहिजे, हे मला त्या दिवशी फार तीव्रतेनं वाटलं.

आईनं या कामाला बराच काळ नाव ठेवलं नाही आणि नावही घेतलं नाही. शेजारी विचारत तेव्हा ती ‘लॅबमध्ये असते’ म्हणायची, ते खोटंही नव्हतं. गेल्या काही वर्षांत एकदा मी माल्टचे नमुने सांगलीला घेऊन गेले होते, फिकं, कॅरॅमल, चॉकलेट. तिनं चिमूटभर घेऊन चावलं, वास घेतला आणि म्हणाली, “अगं, नाचणी भाजताना जरा पुढं गेली की असाच वास येतो.” मी नाचणीचा विचार आधी केला नव्हता असं नाही; कर्नाटकात रागीशिवाय पान हलत नाही आणि रागीला मोड आणून वाळवणं इथं घरोघर माहीत आहे. पण भाजण्याच्या पायरीबद्दल ती बोलली ते मी एका ब्रुअरला जसंच्या तसं सांगितलं.

सध्या आम्ही त्या नाचणीच्या बिअरवरच आहोत. नाचणीला जवासारखं टरफल नसतं, त्यामुळे धान्याचा थर चिखलासारखा बसतो आणि गाळणी अडते. त्यात भाताचं तूस मिसळावं लागतं. फिकं ठेवलं तर मातीचा, पहिल्या पावसाच्या जमिनीचा वास येतो, जास्त भाजलं तर कडवट राख. मधली जागा अरुंद आहे. तक्त्यात या बिअरला स्वतःचा रकाना नाही, म्हणून तिचं वर्णन आम्हीच लिहितो आहोत: रंग कोणता हवा, गढूळपणा चालेल का, आंबिलीसारखा हलका आंबटपणा गुण मानायचा की दोष. मैत्रिणीचं म्हणणं आहे की आंबट नकोच, मला थोडा हवा आहे. पुढच्या बॅचला नाचणीचं प्रमाण कमी करून तिचा निम्मा भाग भाजून घ्यायचा आणि तीन आठवडे टाकीला हात लावायचा नाही, असं ब्रुअरनं मालकाकडून कबूल करून घेतलं आहे. तीन शनिवार सोडायला मालक तयार झाले.